रविवारची मानसशास्त्र व्याख्यानमाला: अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना नेमके काय मिळते?

दादर पश्चिमेला एका शिक्षणसंस्थेच्या सभागृहात कनिष्ठ महाविद्यालयातील विद्यार्थ्यांसाठी मानसशास्त्राची चार रविवारांची व्याख्यानमाला नुकतीच पार पडली. कला शाखेत मानसशास्त्र शिकवणारी शिक्षिका या नात्याने मी माझ्या वर्गातील काही मुलामुलींना घेऊन ती पूर्ण ऐकली. पुढच्या तुकडीची नोंदणी सुरू होत असल्यामुळे पालक आणि इतर महाविद्यालयांतील सहकारी माझे मत विचारत आहेत, म्हणून हे परीक्षण थोडे सविस्तर लिहीत आहे. व्याख्याने उत्तम आहेत आणि ती विद्यार्थ्यांनी जरूर ऐकावीत, असे मी निःसंकोचपणे सांगेन. आयोजनात मात्र काही त्रुटी राहिल्या असून त्यातली एक इतकी गंभीर आहे की, ती दूर झाल्याची खात्री करून घेतल्याशिवाय पालकांनी चौथ्या सत्राला मुलांना पाठवू नये.

व्याख्यात्या चिकित्सालयीन (क्लिनिकल) मानसशास्त्रज्ञ आहेत. मुंबईतील एका सार्वजनिक रुग्णालयात अनेक वर्षे काम करून त्या निवृत्त झाल्या आहेत. रुग्णालयातल्या अनुभवाच्या सुरस कथा सांगून सभागृह जिंकणे त्यांना सहज शक्य होते, आणि पाहुण्या वक्त्यांकडून विद्यार्थ्यांची अपेक्षाही बहुधा तीच असते. त्यांनी तो मोह पहिल्या दिवसापासून कटाक्षाने टाळला. रुग्णांच्या गोष्टी त्यांनी जवळजवळ सांगितल्याच नाहीत. त्याऐवजी प्रत्येक सत्रात एखादे विधान फळ्यावर लिहायचे, ते खरे आहे की नाही हे शोधण्यासाठी कोणी काय केले ते समजावून द्यायचे आणि त्या पुराव्यावर विसंबून आपण कुठपर्यंत जाऊ शकतो हे विद्यार्थ्यांकडूनच काढून घ्यायचे, ही त्यांची पद्धत होती. पाठ्यपुस्तकात व्याख्या असतात, शास्त्रज्ञांची नावे असतात, सिद्धांतही असतात. पण एखादी गोष्ट आपल्याला कशावरून कळली, या प्रश्नाला वर्गात फार कमी वेळ मिळतो. ही उणीव येथे भरून निघते आणि माझ्या मते व्याख्यानमालेचे सगळे मोल त्यातच आहे.

पहिले सत्र स्मृतीवर होते आणि चारही सत्रांत तेच मला सर्वांत जास्त भावले. सुरुवातीलाच व्याख्यात्यांनी पेन खाली ठेवायला सांगून एक यादी संथपणे वाचली: उशी, चादर, रात्र, जांभई, गादी, स्वप्न, डुलकी, अंथरूण, थकवा, पांघरूण, घोरणे, पहाट. त्यानंतर तीनशेतून सात-सात वजा करत जाण्याचा तोंडी हिशोब सगळ्यांनी मिळून केला आणि मग आठवतील ते शब्द कागदावर लिहायला सांगितले. कागद भरल्यावर त्यांनी विचारले, "‘गादी’ कोणी लिहिले?" बरेच हात वर गेले. "‘झोप’ कोणी लिहिले?" तेव्हाही बरेच हात वर गेले. माझ्या वर्गातल्या एका मुलीने तर तो शब्द ‘स्वप्न’ आणि ‘डुलकी’ यांच्या मध्ये मॅडमच्या तोंडून ऐकल्याचे छातीठोकपणे सांगितले. व्याख्यात्यांनी यादीचा कागद तिच्याच हातात देऊन तो मोठ्याने वाचायला लावला. यादीत ‘झोप’ कुठेही नव्हता. सभागृहात हशा पिकला, तेव्हा त्यांनी हात वर करून तो थांबवला आणि म्हणाल्या, "ती खोटं बोलली नाही. तिला तो शब्द खरोखरच आठवतोय. असं का झालं असेल, ते आपण बघू."

या प्रकारच्या याद्यांचा वापर जेम्स डीझ यांनी १९५९ साली केला होता आणि १९९५ साली रोडिगर व मॅक्डरमॉट यांनी तो पुन्हा हाती घेऊन खोट्या आठवणींच्या अभ्यासात रूढ केला, ही पार्श्वभूमी त्यांनी दिली. पण त्यांचा भर पुढच्या प्रश्नावर होता. "माझ्या या यादीवरून काय सिद्ध झालं?" असे त्यांनी विचारल्यावर स्मृतीवर विश्वास ठेवता येत नाही, असे उत्तर चार-पाच जणांनी एकदमच दिले. एवढा मोठा निष्कर्ष काढायला एक यादी आणि एक सभागृह पुरेल का, असे त्यांनी उलट विचारले. मग दुसऱ्या विषयाची यादी घेतली तर काय होईल, शब्दांचा क्रम बदलला तर, मधला वजाबाकीचा हिशोब वगळला तर, शेजाऱ्याच्या वहीत डोकावलेल्यांचे कागद बाजूला काढले तर, अशा शंका विद्यार्थी स्वतःच काढू लागले. संशोधनपद्धतीचे प्रकरण मी दर वर्षी शिकवते. त्यातील नियंत्रण आणि चल (प्रयोगात बदलता येणारा घटक) या संकल्पना मुलांनी इतक्या सहजपणे आणि नाव न घेता वापरलेल्या मी क्वचितच पाहिल्या आहेत.

त्यानंतर एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांचा १९७४ सालचा प्रयोग आला. मोटारींच्या अपघाताची चित्रफीत १५० विद्यार्थ्यांना दाखवण्यात आली. त्यांपैकी ५० जणांना गाड्या एकमेकींवर जोरात आदळल्या तेव्हा त्यांचा वेग किती होता असे विचारले, दुसऱ्या ५० जणांना त्या एकमेकींना लागल्या तेव्हाचा वेग विचारला आणि उरलेल्या ५० जणांना वेगाबद्दल काहीच विचारले नाही. आठवड्यानंतर फुटलेली काच दिसली होती का, असा प्रश्न सर्वांना केला असता पहिल्या गटातील १६, दुसऱ्या गटातील ७ आणि तिसऱ्या गटातील ६ जणांनी होकार दिला. चित्रफितीत फुटलेली काच नव्हतीच. हे आकडे त्यांनी टक्क्यांत न मांडता माणसांच्या संख्येत मांडले आणि तिसऱ्या गटाची गरज काय होती, हे विद्यार्थ्यांना विचारले. काहीही न सुचवता सहा जणांना काच दिसली असेल, तर सात जणांच्या उत्तरात नवल ते काय, हे एका मुलाच्या लक्षात आले आणि त्याने ते उभे राहून सांगितले. त्या एका उत्तरासाठी तो रविवार सार्थकी लागला, असे मला वाटते.

जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाऊस यांच्या विस्मरणाच्या आलेखाची मांडणीही उल्लेखनीय होती. क्लासच्या भिंतींवरील तक्त्यांत आणि मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रांत माणूस एका दिवसात दोन तृतीयांश अभ्यास विसरतो, असे बिनदिक्कत लिहिलेले असते. १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात सहभागी व्यक्ती एकच, म्हणजे स्वतः एबिंगहाऊस होते. पाठ केलेले साहित्य अर्थहीन अक्षरगटांचे होते. आणि त्यांनी मोजली ती तेच साहित्य पुन्हा पाठ करताना झालेली वेळेची बचत. वीस मिनिटांनंतर ५८ टक्के, तासाभराने ४४ टक्के, एका दिवसाने ३४ टक्के आणि एकतीस दिवसांनी २१ टक्के, असे हे बचतीचे आकडे आहेत. इतका अभ्यास लक्षात राहतो, असा त्यांचा अर्थ लावणे चूक आहे, हे व्याख्यात्यांनी उदाहरण सोडवून दाखवले. मुरे आणि ड्रोस यांनी २०१५ साली हाच प्रयोग पुन्हा केला आणि आलेखाचा आकार साधारण तसाच आला, हे सांगायलाही त्या विसरल्या नाहीत. प्रसिद्ध प्रयोगाच्या मर्यादा सांगायच्या आणि त्याचे टिकाऊपणही मान्य करायचे, हा तोल विद्यार्थ्यांसमोर सांभाळणे अवघड असते.

दुसऱ्या सत्रात अभ्यास आणि परीक्षेचा ताण हा विषय होता आणि या सत्राला पालकांनाही प्रवेश होता. रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ सालच्या प्रयोगात एक उतारा चार वेळा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनंतर त्यातील ८३ टक्के मजकूर आठवला, तर एकदा वाचून तीनदा स्वतःच आठवून लिहिणाऱ्यांना ७१ टक्के. आठवड्यानंतर चित्र पालटले. वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवले आणि आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. रंगीत पेनाने ओळी रंगवत पुन:पुन्हा वाचण्यात समाधान का वाटते आणि ते का फसवे असते, याचे इतके स्वच्छ उत्तर दुसऱ्या कशातून मिळणे कठीण आहे. तेवढ्यावर न थांबता व्याख्यात्यांनी एक पानभर मजकूर वाचायला देऊन वही मिटायला लावली आणि कोऱ्या कागदावर तो लिहून काढायला सांगितला. माझ्या विद्यार्थ्यांपैकी काही जणांनी ही पद्धत राज्यशास्त्राच्या अभ्यासातही सुरू केली आहे.

याच सत्रात एका पालकांनी मुलाच्या क्लासमध्ये बोटांच्या ठशांवरून बुद्धिमत्ता आणि योग्य शाखा ओळखण्याची चाचणी झाल्याचे सांगितले व तिचा अहवाल दाखवला. या चाचणीसाठी मुंबईत पालकांकडून काही हजार रुपये घेतले जातात आणि देणारे पालक मुलाच्या भल्याच्याच विचाराने ते देतात. व्याख्यात्यांनी अहवाल शांतपणे चाळला आणि या चाचणीला शास्त्रीय आधार नसल्याचे स्पष्ट शब्दांत सांगितले. मग त्यातील एक परिच्छेद नाव वगळून मोठ्याने वाचला आणि तो आपल्याला लागू पडतो असे किती जणांना वाटते, हे विचारले. निम्म्याहून अधिक हात वर झाले. त्या पालकांना कमीपणा वाटणार नाही, याची त्यांनी घेतलेली काळजी मला फार मोलाची वाटली. "काका, तुम्ही प्रश्न विचारलात म्हणून हे सगळ्यांना कळलं," असे त्या म्हणाल्या आणि पुढे वळल्या. कोणी डोळ्यांनी शिकतो, कोणी कानांनी, या लोकप्रिय कल्पनेबाबतही त्यांनी असाच खुलासा केला. विद्यार्थ्याच्या आवडीच्या माध्यमातून शिकवल्यास तो अधिक शिकतो, या दाव्याला पुरेसा पुरावा नसल्याचे पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ साली घेतलेल्या आढाव्यात म्हटले आहे. आम्हा शिक्षकांच्या प्रशिक्षणांतही ही कल्पना अजून सर्रास सांगितली जाते, त्यामुळे हा भाग शिक्षकांनी विशेष लक्ष देऊन ऐकावा.

परीक्षेच्या भीतीबद्दल बोलताना त्यांनी अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीचा आधार घेतला. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली सुरू केलेल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ या संस्थेच्या कामामुळे ही पद्धत अनेक मराठी घरांत पोहोचली आहे. कमी गुण मिळाले ही घटना, कमी गुण म्हणजे मी नालायक हा तिला जोडलेला अर्थ, आणि त्यातून येणारी हताशा, या तिन्ही गोष्टी वेगळ्या करून पाहण्याचा सराव विद्यार्थ्यांनी स्वतःची उदाहरणे घेऊन केला. थोडा ताण परीक्षेला उपयोगी पडतो, या समजुतीसाठी ज्या यर्क्स आणि डॉडसन यांचा दाखला दिला जातो त्यांचा १९०८ सालचा प्रयोग उंदरांवरचा होता, हे त्यांनी जाता जाता सांगितले. तिथे त्या आणखी थोडे रेंगाळल्या असत्या तर बरे झाले असते.

तिसरे सत्र माणसाच्या समूहातील वागण्यावर होते आणि ते सर्वांत विस्कळीत झाले. इतर सगळे चुकीचे उत्तर देतात तेव्हा माणूस काय करतो हे पाहणारा ॲश यांचा रेषांच्या लांबीचा प्रयोग, मिलग्रॅम यांचा आज्ञापालनाचा प्रयोग, स्टॅनफर्डचा तुरुंगाचा प्रयोग आणि संकटसमयी बघ्यांची भूमिका, हे सगळे अडीच तासांत बसवण्याचा प्रयत्न झाला. मिलग्रॅम यांच्या १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ४० पैकी २६ जणांनी दुसऱ्या माणसाला ४५० व्होल्टपर्यंत विजेचे झटके देण्याची सूचना पाळली, एवढेच विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचले. झटके प्रत्यक्षात दिलेच जात नव्हते, हेही घाईत एका वाक्यात आले. सूचना देणारा माणूस खोलीत न राहता फोनवरून बोलू लागला की आज्ञा पाळणारे बरेच कमी होत, ही त्या प्रयोगमालेतील बाजू सांगायची राहून गेली. माणूस मुळातच आज्ञाधारक असतो, असा सरसकट समज घेऊन काही मुले बाहेर पडली आणि तो दूर करण्यासाठी मला पुढच्या आठवड्यात वर्गात वेळ द्यावा लागला. पुढच्या वेळी या सत्रातील एक प्रयोग सरळ वगळावा, असे मी आयोजकांना लिहून कळवले आहे.

स्टॅनफर्डच्या प्रयोगाचे विवेचन मात्र थोडक्यात असूनही नेमके होते. तरुणांना कैदी आणि पहारेकरी अशा भूमिका देऊन ऑगस्ट १९७१ मध्ये केलेला हा प्रयोग दोन आठवडे चालायचा होता, तो सहाव्या दिवशी थांबवावा लागला. पहारेकऱ्यांनी कसे वागावे याच्या सूचना त्यांना संशोधकांकडूनच मिळाल्या होत्या, असे ल तेक्सिए यांनी जुन्या कागदपत्रांच्या आधारे २०१९ साली दाखवून दिले. अनेक पुस्तकांत हा प्रयोग अजूनही जसाच्या तसा येतो, त्यामुळे विद्यार्थ्यांना ही दुसरी बाजू कळणे आवश्यक होते. ॲश यांचा प्रयोग सभागृहात करून दाखवा, असा आग्रह मुलांनी धरला तेव्हा व्याख्यात्यांनी नकार दिला. सगळ्यांना आधी पढवून एका मुलाला किंवा मुलीला सर्वांसमोर गोंधळात टाकायचे तर त्या व्यक्तीची संमती घेता येणार नाही आणि वयाने लहान विद्यार्थ्यांच्या बाबतीत आपण हे करणार नाही, असे कारण त्यांनी दिले. संशोधनातील नीतिमत्तेचा याहून चांगला धडा असू शकत नाही.

बघ्यांच्या भूमिकेबद्दलचा भाग मुंबईच्या विद्यार्थ्यांना सर्वाधिक जवळचा वाटला असावा. न्यूयॉर्कमध्ये १९६४ साली किटी जेनोव्हीज या तरुणीची हत्या झाली. अडतीस जण ती नुसती पाहत राहिले, अशी बातमी तेव्हा छापून आली होती आणि ती अतिरंजित होती, हे पुढे उघड झाले. पण त्या बातमीमुळे सुरू झालेले डार्ली आणि लटाने यांचे संशोधन भक्कम होते. १९६८ सालच्या त्यांच्या प्रयोगात शेजारच्या खोलीतील व्यक्तीला फिट (अपस्माराचा झटका) आल्याचे ध्वनिक्षेपकावरून ऐकू येत असे. ते ऐकणारे आपण एकटेच आहोत असे ज्यांना वाटत होते त्यांच्यापैकी ८५ टक्के जण तिचे बोलणे संपण्याआधीच मदतीसाठी उठले. आणखी एक जण ऐकतो आहे असे वाटणाऱ्यांत हे प्रमाण ६२ टक्के होते आणि आणखी चार जण ऐकत आहेत असे वाटणाऱ्यांत ३१ टक्के.

यानंतर त्यांनी विद्यार्थ्यांना दादर स्थानकाच्या पुलावरचा प्रसंग करून दाखवायला लावले. संध्याकाळच्या गर्दीत एक माणूस चक्कर येऊन पडला आहे आणि सगळे वळून बघत पुढे निघाले आहेत. एका मुलीने "कोणीतरी ॲम्ब्युलन्स बोलवा हो!" असे ओरडून पाहिले. व्याख्यात्यांनी तिला थांबवले, एका माणसाकडे बोट दाखवायला आणि त्याला त्याच्या कपड्यांवरून हाक मारायला सांगितले. "निळा शर्टवाले दादा, तुम्ही १०८ ला फोन लावा. ताई, तुम्ही स्टेशन मास्तरांकडे जाऊन सांगा." जबाबदारी सगळ्यांत वाटली गेली की ती कोणाचीच राहत नाही, हे वाक्य मी वर्गात अनेकदा सांगितले आहे, ते करून पाहिल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर दिसलेली समज निराळी होती. रोज लोकलने येणाऱ्या मुलांना यातले काहीही समजावून सांगावे लागले नाही.

चौथे सत्र मानसिक आरोग्य आणि या क्षेत्रातील शिक्षण यांवर होते. मनोविकारतज्ज्ञ हे वैद्यकीय पदवी घेतलेले डॉक्टर असतात आणि ते औषधे देऊ शकतात. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत असावी लागते. ‘समुपदेशक’ अशी पाटी लावणाऱ्यांच्या प्रशिक्षणात मात्र मोठी तफावत आढळते, म्हणून शिक्षण कुठे झाले आणि कोणाच्या देखरेखीखाली काम केले, हे विचारण्यात संकोच बाळगू नये, असे त्यांनी सांगितले. ही माहिती साधी आहे, पण आमच्या विद्यार्थ्यांच्या घरांत ती नसते. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली संमत झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती, असे अन्यथा सिद्ध न झाल्यास गृहीत धरावे आणि तिला शिक्षा करू नये, अशी तरतूद या कायद्याच्या कलम ११५ मध्ये आहे. ही तरतूद त्यांनी हलक्या आवाजात, पण पूर्ण स्पष्टपणे समजावली. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या टेलि-मानस या फोनवरील मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक आणि देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची आयकॉल ही समुपदेशन सेवा, या दोन्हींची माहिती फळ्यावर लिहून ती प्रत्येकाने उतरवून घेतली आहे ना, हे त्यांनी पाहिले.

गंभीर त्रुटी राहिली ती याच सत्रात. विद्यार्थ्यांनी नाव न घालता चिठ्ठ्यांवर प्रश्न लिहून एका डब्यात टाकावेत आणि व्याख्यात्यांनी त्या आधी वाचून उत्तरे द्यावीत, असे ठरले होते. प्रत्यक्षात वेळ वाचवण्यासाठी आयोजकांपैकी एक स्वयंसेवक डबा घेऊन व्यासपीठावर उभे राहिले आणि हाताला येईल ती चिठ्ठी ध्वनिक्षेपकावरून वाचू लागले. तिसरी की चौथी चिठ्ठी घरातल्या एका प्रसंगाबद्दल होती. नाव नसले तरी वडिलांचा व्यवसाय आणि राहण्याचा परिसर तिच्यात आला होता. पहिली दोन वाक्ये वाचली जाताच मागच्या रांगांत कुजबुज सुरू झाली आणि काही माना एकाच दिशेला वळल्या. व्याख्यात्या जागेवरून उठल्या, चिठ्ठी स्वतःच्या हातात घेतली, घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि म्हणाल्या, "हा प्रश्न ज्यांनी लिहिला त्यांच्याशी मी सत्र संपल्यावर स्वतंत्रपणे बोलेन. आता आपण सगळे समोर बघूया." मग त्यांनी डबाच मागून घेतला आणि उरलेल्या चिठ्ठ्या स्वतः मनात वाचून, त्यांतील तपशील गाळून उत्तरे दिली. समुपदेशनातील गोपनीयता म्हणजे काय आणि तिच्या मर्यादा कोणत्या, म्हणजे स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर ती का मोडावी लागते, हेही त्यांनी त्याच ओघात सांगितले.

त्यांनी प्रसंग सावरला हे खरे, पण तो सावरण्याची वेळ त्यांच्यावर यायलाच नको होती. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना मनातले लिहायला सांगणारी संस्था त्या कागदांची जबाबदारी घेण्यास बांधील असते. चिठ्ठ्या कोण गोळा करेल, कोण वाचेल, नंतर त्या नष्ट कोण करेल आणि एखाद्या चिठ्ठीतून विद्यार्थी संकटात असल्याचे दिसले तर त्याच दिवशी काय केले जाईल, याची लेखी पद्धत ठरलेली असली पाहिजे. त्या दिवशी सभागृहात समुपदेशनासाठी वेगळी खोली नव्हती आणि व्याख्यात्यांव्यतिरिक्त एकही प्रशिक्षित व्यक्ती उपस्थित नव्हती. मी आयोजकांशी प्रत्यक्ष बोलले आणि नंतर लेखी तक्रारही दिली. ती त्यांनी गांभीर्याने घेतली असून पुढच्या तुकडीपासून चिठ्ठ्या फक्त व्याख्यात्याच उघडतील, असे कळवले आहे. प्रशिक्षित सहायकांबद्दल त्यांनी अद्याप काही कळवलेले नाही.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगता येतील. संपूर्ण मालेचे शुल्क प्रति विद्यार्थी १२०० रुपये होते आणि चहा-बिस्किटे, वह्या व टिपणे त्यात धरलेली होती. मुंबईतील खासगी कार्यशाळांच्या मानाने ते वाजवी आहे. तरी रात्रमहाविद्यालयातील मुलांना ते परवडणारे नाही आणि सवलत मागितल्यास मिळते, ही गोष्ट माहितीपत्रकात छापलेली नाही. ती छापावी. व्याख्याने मराठीत झाली, पारिभाषिक शब्दांना इंग्रजी प्रतिशब्दही तोंडी दिले गेले, त्यामुळे दोन्ही माध्यमांच्या मुलांची सोय झाली. टिपणे मात्र फक्त इंग्रजीत होती आणि बोर्डाची परीक्षा मराठीतून देणाऱ्या मुलांना ती फारशी उपयोगी पडली नाहीत. सभागृहात मागच्या तीन-चार रांगांपर्यंत आवाज नीट पोहोचत नव्हता.

वेळेच्या नियोजनाबद्दल दोन शब्द लिहिणे भाग आहे. रविवारी सकाळी दहाला सत्र ठेवताना रेल्वेच्या मेगाब्लॉकचा विचार झालेला दिसला नाही. कल्याण-डोंबिवलीकडून आणि हार्बर मार्गावरून येणारी मुले दुसऱ्या सत्राला अर्धा-पाऊण तास उशिरा पोहोचली आणि त्यांचा सुरुवातीचा भाग बुडाला. ब्लॉकचे वेळापत्रक आधी जाहीर होते. ते पाहून सत्र तासभर पुढे नेता आले असते. शेवटच्या दिवशी प्रमाणपत्रांचे वाटप आणि मान्यवरांची मनोगते यांत इतका वेळ गेला की, उच्च शिक्षणाबद्दलचे प्रश्न अपुरे राहिले. मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलातील उपयोजित मानसशास्त्र विभागात किंवा टाटा संस्थेत पुढे शिकायचे असेल तर पदवीच्या काळात काय करावे, हे विचारण्यासाठी कित्येक मुले हात वर करून बसली होती. व्याख्यात्या त्यांच्यासाठी जिन्यात उभ्या राहून बोलत होत्या, आणि रखवालदार सभागृहाला कुलूप लावून गेला तरी त्यांचे बोलणे चालूच होते.

ज्यांना बारावीच्या प्रश्नपत्रिकेची तयारी हवी आहे त्यांनी ही व्याख्यानमाला निवडू नये. अभ्यासक्रमाची प्रकरणे क्रमाने येथे घेतली जात नाहीत. ज्यांना मानसशास्त्रात पदवी घ्यायची आहे, किंवा शाखा कोणतीही असली तरी वर्तमानपत्रात आणि मोबाइलवर येणारे मनाविषयीचे दावे तपासून पाहायला शिकायचे आहे, त्यांनी अवश्य नोंदणी करावी. पहिली दोन सत्रे शिक्षकांनीही ऐकावीत. पालकांनी पैसे भरण्यापूर्वी आयोजकांना दोन प्रश्न विचारावेत: चौथ्या सत्राला व्याख्यात्यांसोबत किती प्रशिक्षित समुपदेशक असतील, आणि चिठ्ठ्या कोणाच्या ताब्यात राहतील. पुढची तुकडी दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरू होणार आहे. या दोन्ही प्रश्नांची समाधानकारक उत्तरे लेखी मिळाली तर मी माझ्या अकरावीच्या वर्गाची नावे त्याच दिवशी पाठवणार आहे.